शरीराचा बोलका नकाशा

आपल्या शेताच्या चतुःसीमा शेतकऱ्याला तोंडपाठ असतात. पूर्वेस कोणाची विहीर, पश्चिमेस कोणता ओढा, बांध कोठून कोठवर जातो, हे तो डोळे मिटून सांगू शकतो. परंतु स्वतःच्या शरीराच्या आत कोणता अवयव कोठे आहे, असे त्याला विचारले तर तो गोंधळून जातो. आणि ही स्थिती केवळ शेतकऱ्याचीच आहे असे नव्हे. आरोग्य केंद्रात आलेला रुग्ण ‘पोटात दुखते’ एवढेच सांगतो. त्या ‘पोट’ या एका शब्दात जठर, यकृत, स्वादुपिंड, लहान व मोठे आतडे अशा कितीतरी अवयवांचा समावेश होतो. ‘काळीज’ या शब्दाचीही तीच गत आहे. कवीच्या लेखी काळीज म्हणजे हृदय. मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर मिळते ते यकृत. रोगाची माहिती वेळेवर व नेमकी सांगता येणे, ही उपचाराची पहिली पायरी होय. ती पायरी भक्कम व्हावयाची असेल, तर शरीराच्या रचनेचे ज्ञान शाळेपासूनच, व तेही आपल्या भाषेत, मिळावयास हवे.

या कामी आजवर शाळेच्या भिंतीवरील तक्ता उपयोगी पडत आला. आता संगणक व भ्रमणध्वनी यांच्या पडद्यावर असा तक्ता दाखविता येतो, की ज्यातील अवयवावर बोट ठेवताच तो उजळतो व त्याचे नाव व कार्य समोर येते. असे चित्र प्रत्येक शाळेने वा प्रत्येक संस्थेने नव्याने तयार करण्याची गरज नाही. एकदाच काळजीपूर्वक सिद्ध करून ते अनेक ठिकाणी वापरता येते. ही योजना कशी चालते, तिच्यात मराठीला कोणते स्थान मिळू शकते आणि ती स्वीकारताना कोणती दक्षता घ्यावयास हवी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चित्र आणि नाव यांचे नाते

शरीराच्या आतील रचना थरांची आहे आणि कागद मात्र सपाट. ही अडचण जुनीच आहे. आंद्रेआस व्हेसालिअस याचा शरीररचनेवरील महान ग्रंथ १५४३ साली बाझेल येथे छापला गेला. त्याच वर्षी त्याने विद्यार्थ्यांसाठी त्या ग्रंथाचा एक संक्षेपही प्रसिद्ध केला. त्यात अवयवांची चित्रे कापून एकावर एक चिकटविता येतील अशी पाने होती. एकेक थर उचलून विद्यार्थ्याने आत पाहावे, ही कल्पना त्यामागे होती. बोट लावून शिकण्याचे चित्र हे संगणकाच्या युगातच जन्मास आले, असे म्हणूनच म्हणता येत नाही.

दुसरा टप्पा आपल्याला अधिक जवळचा आहे. १८५८ साली लंडनमध्ये हेन्री ग्रे यांचा शरीररचनेवरील सुप्रसिद्ध ग्रंथ प्रकाशित झाला. त्यातील चित्रे काढली होती हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांनी. चित्रात केवळ अक्षरे वा आकडे घालावयाचे व त्यांचा अर्थ अन्यत्र द्यावयाचा, अशी पद्धत तोवर रूढ होती. कार्टर यांनी अनेक चित्रांत स्नायूचे, शिरेचे वा हाडाचे नाव त्या त्या अवयवावरच लिहिले. वाचकाची नजर चित्र व यादी यांमध्ये हेलपाटे घालावयाची, ते थांबले. हेच कार्टर त्याच वर्षी मुंबईस आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकविले, पुढे साताऱ्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम केले आणि कुष्ठरोगाचा व पायास होणाऱ्या बुरशीजन्य रोगाचा सखोल अभ्यास केला. ग्रंथाला नाव ग्रे यांचे मिळाले. परंतु नाव अवयवापाशीच असावे, हा धडा देणाऱ्या चित्रकाराच्या आयुष्यातील मोठा काळ महाराष्ट्रात गेला, याचे स्मरण ठेवण्याजोगे आहे.

कार्टर यांच्या पद्धतीस एक मर्यादा मात्र होती. नाव चित्रातच कोरले गेल्यामुळे ते एकाच भाषेचे राहिले. इंग्रजी नावे असलेले चित्र मराठी करावयाचे झाल्यास ते नव्याने काढणे भाग पडे. ही मर्यादा संगणकाने दूर केली. ती कशी, हे समजण्यासाठी आपल्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ.

गाव नकाशा आणि गट क्रमांक

महसुली व्यवस्थेत गावाचा नकाशा वेगळा असतो व सात-बाराचा उतारा वेगळा असतो. नकाशात जमिनीच्या तुकड्यांच्या सीमा व त्यांचे गट क्रमांक असतात. जमीन कोणाची, पीक कोणते, बोजा किती, हे उताऱ्यात नोंदलेले असते. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे गट क्रमांक. गावकरी एखाद्या शेताला ‘आंब्याचे शेत’ म्हणोत की ‘ओढ्याकाठचा तुकडा’ म्हणोत, खातेदार बदलो की पीक बदलो, त्यासाठी नकाशा नव्याने काढावा लागत नाही. उताऱ्यातील नोंद तेवढी बदलते.

शरीराच्या बोलक्या नकाशाची रचना नेमकी अशीच असते. त्याचे तीन भाग पडतात.

पहिला भाग म्हणजे चित्र. हे चित्र छायाचित्रासारखे ठिपक्यांचे नसते. कोणत्या बिंदूपासून निघून, कसे वळण घेत, रेषा कोणत्या बिंदूस मिळते, याचे ते आकड्यांतील वर्णन असते, मोजणीदाराच्या टिपणासारखे. एसव्हीजी या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत जागतिक जालाचे नियम ठरविणाऱ्या संघटनेने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. अशा चित्रात यकृताची बाह्यरेषा ही एक स्वतंत्र आकृती असते आणि तिला स्वतःची खूण देता येते. चित्र कितीही मोठे केले तरी ते अस्पष्ट होत नाही; भ्रमणध्वनीवर व वर्गाच्या भिंतीवर ते सारखेच रेखीव दिसते.

दुसरा भाग म्हणजे क्रमांक. अवयवाची खूण म्हणून त्याचे नाव वापरले, तर ‘काळीज’ या शब्दाने होतो तसा घोटाळा होईल. म्हणून शास्त्रज्ञांनी अवयवांना क्रमांक दिलेल्या संज्ञासूची सिद्ध केल्या आहेत. त्यांपैकी ‘यूबेरॉन’ ही सूची मनुष्य व इतर प्राणी यांच्या अवयवांसाठी सामाईक आहे. तीत हृदयाचा क्रमांक ००००९४८, फुप्फुसाचा ०००२०४८, मूत्रपिंडाचा ०००२११३ व यकृताचा ०००२१०७ असा आहे. जमिनीचे पोटहिस्से असतात तसे अवयवांचेही असतात. हृदयाच्या डाव्या जवनिकेस ०००२०८४ हा स्वतंत्र क्रमांक असून ती हृदयाचा भाग असल्याची नोंद त्या सूचीतच आहे.

तिसरा भाग म्हणजे माहितीची यादी. अमुक क्रमांकाचे मराठी नाव अमुक, हिंदी नाव अमुक, कार्य अमुक, अशी ती असते. भाषा बदलावयाची असेल तर केवळ ही यादी बदलावयाची. चित्रास हात लावण्याचे कारण नाही.

हिंक्स्टनचा नमुना

ही केवळ कल्पना नव्हे. इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ हिंक्स्टन येथे युरोपीय जैवमाहिती संस्था आहे. कोणते जनुक शरीराच्या कोणत्या भागात किती क्रियाशील असते, याची माहिती ही संस्था सर्वांसाठी खुली ठेवते. अशी माहिती आकड्यांच्या तक्त्यात पाहणे तज्ज्ञांसही कंटाळवाणे होते. म्हणून संस्थेने तक्त्याशेजारी मानवी शरीराची आकृती दिली व तिला ‘अ‍ॅनाटोमोग्राम’ असे नाव दिले. तक्त्यातील ‘यकृत’ या नोंदीवर संगणकाचा बाण नेला की आकृतीतील यकृत रंगते. आकृतीतील यकृतावर नेला की तक्त्यातील नोंद उजळते. हे साधते त्याचे कारण एकच: दोन्हीकडे तोच यूबेरॉन क्रमांक नोंदलेला आहे.

पुरुष, स्त्री, मानवी मेंदू, उंदीर अशा निरनिराळ्या आकृत्या या संस्थेने तयार केल्या आणि आपल्या श्रेयाचा उल्लेख करावा एवढ्या अटीवर त्या इतरांना वापरण्यास दिल्या. परिणामी अन्य संशोधकांनी त्याच आकृत्या घेऊन आपापल्या कामासाठी साधने तयार केली. एका ठिकाणच्या श्रमांचा लाभ अनेकांना झाला. सार्वजनिक पैशातून निर्माण होणाऱ्या शैक्षणिक साहित्याच्या बाबतीत हा आदर्श आपणही डोळ्यांसमोर ठेवण्यासारखा आहे.

‘घटक’ म्हणजे काय?

पुन्हा पुन्हा वापरता येईल अशा या वस्तूस संगणकाच्या परिभाषेत ‘घटक’ म्हणतात. शासकीय कार्यालयातील छापील नमुन्याशी त्याची तुलना करता येईल. नमुना सर्व जिल्ह्यांत एकच असतो. प्रत्येक कार्यालय त्यात आपापला मजकूर भरते. नमुना कोणी व कसा छापला, हे लिपिकाला ठाऊक असण्याची गरज नसते. त्याचप्रमाणे शिक्षकाच्या वा संस्थेच्या पानावर हा घटक बसविणाऱ्यास त्याच्या आतील रचना माहीत असावीच असे नाही.

मात्र घटकाची आवक व जावक काय, हे ठाऊक असावे लागते. आवकेत घटकाला सांगावयाचे असते की, आकृती स्त्रीची की पुरुषाची दाखवावयाची, कोणते अवयव दिसू द्यावयाचे, कोणता रंगवावयाचा, नावे कोणत्या भाषेत द्यावयाची. जावकेत घटक कळवितो की, पाहणाऱ्याने अमुक क्रमांकाच्या अवयवावर बोट ठेवले. ही वर्दी मिळाल्यावर काय करावयाचे, हे ज्या त्या पानाने ठरवावयाचे असते. शाळेचे पान त्या अवयवाचे कार्य सांगेल, परीक्षेचे पान उत्तर बरोबर की चूक ते सांगेल, आरोग्य शिक्षणाचे पान त्या अवयवाच्या रोगांपासून बचाव कसा करावा ते सांगेल. नकाशा एकच, कामे तीन.

हिंक्स्टनचा घटक ‘रिअ‍ॅक्ट’ नावाच्या साधनसंचावर उभारलेला आहे, व तो वापरणाऱ्याच्या पानातही तो साधनसंच असावा लागतो. अलीकडे मात्र अशा कोणत्याही विशिष्ट साधनसंचाविना, थेट ब्राउझरलाच समजेल असा स्वतंत्र घटक तयार करण्याची पद्धत प्रमाण झाली आहे. २०२० च्या प्रारंभापर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांनी ती अंगीकारली. अशा घटकाचे आतील रंग व मांडणी बाहेरच्या पानात मिसळत नाहीत, व बाहेरच्या पानाची मांडणी घटकास सहसा बिघडवीत नाही. साधनसंच काही वर्षांनी बदलतात. प्रमाण नियम अधिक काळ टिकतात. शाळांसाठी साहित्य तयार करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

मराठीचा प्रश्न

या व्यवस्थेत मराठीसाठी करावयाचे काम म्हणजे नावांची यादी. वरवर पाहता ते सोपे वाटते. प्रत्यक्षात एकाच अवयवाला ग्रंथात एक, पाठ्यपुस्तकात दुसरे व बोलण्यात तिसरे नाव असते. मूत्रपिंडाला पुस्तकात वृक्क म्हणतात, घरात किडनी म्हणतात. श्वासपटलास कोणी मध्यपटल म्हणतात. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने निरनिराळ्या शास्त्रांचे परिभाषा कोश सिद्ध करून या क्षेत्रात मोलाचे काम केले आहे. प्रमाण संज्ञा त्यातून घ्यावी, हे योग्यच होय. परंतु प्रमाण संज्ञेपुरतेच थांबून चालणार नाही.

एकाच क्रमांकापुढे एकाहून अधिक नावे नोंदविता येतात, ही या पद्धतीची मोठी सोय आहे. प्रमाण नाव प्रथम, पर्यायी नाव नंतर व बोलीतील शब्द त्याखाली, अशी मांडणी केली तर विद्यार्थ्याला परीक्षेतील शब्द मिळेल आणि आशा कार्यकर्तीला घराघरांत बोलला जाणारा शब्द मिळेल. ‘काळीज’ हा शब्द तर हृदय व यकृत या दोन्ही क्रमांकांपुढे, अर्थभेदाच्या टिपेसह, नोंदवावा लागेल. बोलीतील हे शब्द त्या त्या भागातील शिक्षक व आरोग्य कर्मचारीच जमवू शकतील. त्यासाठी संगणकाचे विशेष ज्ञान लागत नाही. वही व पेन्सिल पुरेशी आहे.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी

चित्र हे डोळ्यांसाठी असते, ही समजूतही आता सोडावयास हवी. अवयवाचे नाव चित्रात रंगविलेले नसून मजकूर म्हणून नोंदलेले असेल, तर पडदावाचक आज्ञावली ते मोठ्याने वाचून दाखवू शकते. दृष्टिहीन विद्यार्थी कळफलकाची कळ दाबीत एकेका अवयवावरून पुढे जाऊ शकतो व ‘यकृत, उदरपोकळीच्या वरच्या भागात, मुख्यतः उजव्या बाजूस’ असे ऐकू शकतो. मात्र मजकूर मराठी असल्याची खूण घटकात केलेली असावी; ती नसेल तर वाचक यंत्र मराठी शब्द इंग्रजी वळणाने वाचेल वा मुळीच वाचणार नाही. तसेच निवडलेला अवयव केवळ लाल वा हिरव्या रंगाने दर्शवू नये. ज्यांना या रंगांतील भेद कळत नाही, त्यांच्यासाठी जाड बाह्यरेषा वा आडव्या रेघाही असाव्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये माहिती सर्वांना सुगम असणे अपेक्षित आहे. त्यामुळे या गोष्टी मेहेरबानीच्या नसून हक्काच्या आहेत.

दक्षता

सर्वांनी वापरावयाच्या वस्तूत राहिलेली चूकही सर्वांपर्यंत पोहोचते. यूबेरॉन सूचीत यकृताचा क्रमांक ०००२१०७, तर प्लीहेचा ०००२१०६ आहे. शेवटच्या एका आकड्याची चूक झाली, तर उजवीकडचा अवयव डावीकडे दाखविला जाईल. आणि ही चूक एका शाळेत नव्हे, तर जेथे जेथे तो घटक बसविला आहे तेथे तेथे दिसेल. घटक एकाच ठिकाणी ठेवून सर्वांनी तो तेथून घेतला असेल, तर दुरुस्तीही एकाच वेळी सर्वत्र पोहोचते. परंतु कोणी त्याची प्रत काढून आपल्याकडे ठेवली असेल, तर ती प्रत जुनीच राहते. म्हणून प्रत्येक प्रतीवर आवृत्तीचा क्रमांक व दिनांक असावा, आणि जाणकार डॉक्टरांकडून तपासणी झाल्याखेरीज ती वर्गात जाऊ नये.

चित्राच्या स्वाभाविक मर्यादाही शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगाव्यात. आकृती आपल्याकडे तोंड करून उभी असते; म्हणून तिची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. सपाट चित्रात खोली कळत नाही. मूत्रपिंडे पोटाच्या पुढच्या भागात नसून पाठीच्या बाजूस असतात, व उजवे बहुधा डाव्यापेक्षा किंचित खाली असते, हे चित्र पाहून सहजासहजी ध्यानात येत नाही. प्रत्येकाच्या शरीरात थोडाफार भेद असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हा नकाशा शिकण्यासाठी आहे, रोगनिदानासाठी नाही. अवयवावर बोट ठेवून औषध ठरविण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

स्वीकारण्यापूर्वी पाहावयाच्या गोष्टी

शाळेसाठी वा ग्रामपंचायतीच्या निधीतून असे साहित्य घेण्याचा प्रसंग आल्यास पुढील प्रश्न अवश्य विचारावेत.

१. साध्या ब्राउझरमध्ये, वेगळी आज्ञावली न बसविता, ते उघडते काय?
२. इंटरनेट बंद असतानाही, एकदा उतरवून घेतल्यावर, ते चालते काय?
३. चित्रास हात न लावता मराठी नावे बदलता व वाढविता येतात काय?
४. नावे मजकूर म्हणून नोंदली आहेत, की चित्रातच रंगविली आहेत?
५. केवळ कळफलकाने व पडदावाचकाच्या साहाय्याने ते वापरता येते काय?
६. अवयवांस सर्वमान्य सूचीतील क्रमांक दिले आहेत काय?
७. वापराच्या अटी लेखी व स्पष्ट आहेत काय? पुढील वर्षी पुन्हा पैसे द्यावे लागणार नाहीत ना?
८. कोणी, केव्हा व कोणती आवृत्ती तपासली, याची नोंद आहे काय?

पुष्कळदा पडद्यावरील रंग व हालचाल पाहून साहित्य पसंत केले जाते. वरील आठ प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ते साहित्य कितीही आकर्षक असले तरी भिंतीवरच्या जुन्या तक्त्याहून फारसे पुढे गेलेले नाही, असे समजावे.

वर्गातील एक पाठ

एकच संगणक व एकच पडदा असलेल्या शाळेतही या नकाशाचा उपयोग होतो. प्रथम नावे झाकून ठेवावीत. शिक्षकाने ‘यकृत’ असे म्हणावे व प्रत्येक मुलाने आपला हात स्वतःच्या अंगावर, त्याला वाटेल त्या जागी ठेवावा. नंतर एकाने पडद्यावरील आकृतीत जागा दाखवावी व मग नाव उघडावे. कोणाचा हात डावीकडे होता, कोणाचा खाली होता, हे मुलेच हसत हसत सांगतील. शेवटी प्रत्येकाने त्या अवयवाला आपल्या घरी काय म्हणतात, ते दुसऱ्या दिवशी विचारून यावे. पाठ अशा रीतीने घरापर्यंत जातो आणि घरातील शब्द यादीपर्यंत येतो.

गावचा नकाशा तलाठ्याच्या दप्तरात असतो व गरज पडेल तेव्हा कोणालाही पाहता येतो. शरीराचा नकाशा मात्र आजवर वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथांतच अधिक राहिला. चित्र, क्रमांक व नाव ही तिन्ही वेगळी ठेवून एकत्र नांदविण्याच्या या पद्धतीमुळे तो गावातील शाळेत, आपल्या भाषेत येऊ शकतो. चित्र जगाने काढून ठेवले आहे, क्रमांकही देऊन ठेवले आहेत. त्यांपुढे आपले शब्द लिहिण्याचे काम तेवढे आपले आहे. ते झाले, तर आज ‘पोटात दुखते’ एवढेच सांगू शकणारा रुग्ण उद्या ‘उजवीकडे, बरगड्यांच्या खाली दुखते’ असे सांगेल. आणि डॉक्टरांच्या दृष्टीने या दोन वाक्यांतील अंतर फार मोठे आहे.